कात्रणं

नाताळाचं कार्ड कॅलगरीहून निघायचं वेळेवर,
पोचायचं संक्रांतीच्या तिळगुळासोबत.
लिफाफ्यावर मोहननगर, नागपूर,
आणि लेकीचं ते उजवीकडे कललेलं अक्षर,
ज्यासाठी शाळेत तिनं छड्या खाल्ल्या होत्या.
आत फोटो.
दर वर्षी तेच दार, त्याच तीन पायऱ्या,
आणि माणसं मात्र थोडी थोडी उंच होत गेलेली.

सतरा वर्षांची सोळा कार्डं.
एका वर्षी आलं नाही.
आम्ही टपालखात्याला बोल लावला
आणि विषय बदलला.

बैठकीच्या भिंतीला ओल आहे.
पलीकडे न्हाणीघर, त्यामुळे बाराही महिने.
रंगाऱ्यानं नऊ हजार सांगितले,
वर म्हणाला, तरी गॅरंटी नाही.
तेव्हा शांतवन माळ्यावर चढले,
मोटर जळालेल्या जुन्या कुलरची जाळी घेऊन उतरले.
गंज घासला, बर्डीहून आणलेला चंदेरी रंग मारला.
कोपऱ्यांत खसाच्या काड्या राहिल्याच,
वास येतो अजून, नाक जवळ नेलं तर.

मग कात्री.
चौतीस वर्षं आयुधनिर्माणीत मापं घेतलेला माणूस,
सूतभरही इकडेतिकडे चालत नाही.
माणसं ठेवली, बाकीचं काढलं.
दार गेलं, पायऱ्या गेल्या,
शेजाऱ्याची लाल गाडी, कुत्र्याचं अर्धं शेपूट,
आणि बर्फ, बर्फ, ढीगभर बर्फ
आमच्या सतरंजीवर.

"काऊन कापून राहिले जी एवढं?
पोरगी राहते कुठं, ते तरी दिसू द्या."
"बर्फात काय पाहायचं? सारखाच असतो."

मी कात्रणं पदरात गोळा केली.
रात्री दिव्याखाली एकेक लावून पाहिलं.
सारखा नव्हता हो.
एका वर्षीचा निळसर, धुतल्या चादरीसारखा,
एका वर्षीचा फावड्यानं ओरबाडलेला,
एकावर कुणी सांडलेला चहा, की कुत्र्याचं काही,
आणि एक इतका पांढरा
की कागद कुठं संपतो ते बोटानं शोधावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मैद्याची खळ केली,
ओलीच्या कडेनं, जिथं जाळी पुरत नव्हती तिथं,
सगळा बर्फ ओळीनं चिकटवला.
शांतवन काही बोलले नाहीत.
ते चेहरे टांगत होते,
कपड्यांचे चिमटे, वर्षाला एक.
न आलेल्या वर्षाचा चिमटाही लावला, रिकामा.

त्याच्या पुढचं कार्ड मी पाहिलं तेव्हा ते चिमट्यात होतं.
लेक, दोन नातवंडं.
पाठवण्याआधी तिनंच एक बाजू कापलेली,
घाईत, जरा वाकडी.
तिच्या खांद्यावर चार बोटं राहून गेलेली,
एकीत अंगठी.
आणि यांनी, आमच्या या काटेकोर माणसानं,
त्या बोटांच्या भोवतीनं कात्री फिरवली होती,
नखानख सांभाळून.
मी काहीच विचारलं नाही,
तरी म्हणाले, "राहू दे."

आता नवतपा.
सत्तेचाळीसला टेकलेला पारा,
दुपारी लाईन गेली की नवा कुलरही गप्प.
शेजारच्या बनसोडांचा रोहन, पाच वर्षांचा,
दर दुपारी आमच्याकडे येतो.
फोटोंतली माणसं त्याला ओळखीची नाहीत,
विचारतही नाही.
सरळ भिंतीपाशी जातो,
बर्फाच्या ओळीला गाल लावून उभा राहतो
डोळे मिटून.

"आजी, खरंच थंड लागते."

ओलीमुळे लागत असेल.
मी त्याला सांगितलेलं नाही.